उंबऱ्याबाहेरचे सोबती

पूर्णेचे पाणी येलदरीला अडले त्यास अर्धशतक उलटून गेले. या जलाशयाच्या परिसरात वाढलेली मुले दहावीनंतर जिंतूरची एस.टी. धरतात, आणि तेव्हापासून त्यांच्या केसांची ठेवण, बोलण्याची ढब, शिक्षणाची शाखा, किंबहुना तंबाखूची पहिली पुडीसुद्धा वडिलांच्या नव्हे तर मित्रांच्या संमतीने ठरू लागते, अशी पालकांची कैफियत आम्ही वारंवार ऐकतो. ती खोटी नाही. परंतु संगत तोडली म्हणजे मूल वाचले, हा जो निष्कर्ष तीतून काढला जातो, तो आम्हांस मुळीच मान्य नाही, आणि त्याविरुद्धचा दाखला मराठवाड्याच्याच इतिहासात आहे.

१९३८ साली, हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना, औरंगाबादच्या महाविद्यालयातील व हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. मनाईहुकूम निघाला, तो त्यांनी जुमानला नाही, आणि शेकडो मुलांची नावे पटावरून कमी झाली. एकट्यादुकट्याच्या छातीत न मावणारे ते धैर्य शेजारच्या खाटेवरील सोबत्याकडे पाहूनच आले असले पाहिजे. पुढे नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी अनेकांना प्रवेश दिला. तेव्हा परमुलखातील शिक्षणाचा खर्च सोसून, आणि मुलाच्या मित्रांवर रोष न धरता, ज्या घरांनी मनिऑर्डरी पाठवल्या असतील, त्या घरांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, याची आम्हांस खंत वाटते.

याचा अर्थ आईबापांनी हात झटकावेत असा नव्हे. मित्रांचा अंमल आजच्या दिवसावर चालतो. श्रमाविषयीचा आदर, पैशाचा हिशेब, स्त्रीशी बोलण्याची रीत ही घरात, न शिकवताच, मुरते. धरण भरले की मोबाईलवर चित्रण करण्यासाठी जो मुलगा कठड्यावर चढतो, तो खाली उभ्या असलेल्या चौघांसाठी चढतो; त्या चौघांना ज्या बापाने नावानिशी ओळखले आहे, आपल्या ओसरीवर बसवून भाकरी-पिठले वाढले आहे, त्याचा शब्द त्या कठड्यापर्यंत पोहोचतो, कारण तो एकट्या मुलाशी नव्हे, त्या पाचही जणांशी बोललेला असतो. ज्याने त्यांना उंबऱ्याबाहेरून हाकलले, त्याला घडलेली गोष्ट सर्वांच्या शेवटी कळते.

म्हणूनच या अंकात किशोरांची पत्रे आम्ही काटछाट न करता, नावे वगळून छापली आहेत. काही बोचतील. पालकांनी ती मुलाच्या मित्रांना फराळाला बोलावून, त्यांच्यासमक्ष वाचावीत, अशी आमची विनंती आहे.