छपराविना पावसाळा

मृग नक्षत्राच्या दोनचार सरी कोसळल्या की गोव्याच्या शहरांतून दरवर्षी एक लहानसे स्थलांतर घडते. पणजीचे बसस्थानक, मडगावच्या रेल्वे स्थानकाबाहेरचा आडोसा, म्हापशाच्या बाजारातील दुकानांच्या पायऱ्या, अशा ठिकाणी मे अखेरपर्यंत उघड्यावर पाठ टेकणारी माणसे पागोळ्यांचे पाणी पोहोचणार नाही अशी चार हात जागा शोधीत सरकू लागतात. वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात छप्पर नसणे ही नुसती गैरसोय नव्हे. वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या बाबतीत तो जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. पहाटेच्या बसला निघालेले आपण सुस्थित नागरिक त्यांना ओलांडून जातो आणि बहुधा एकच प्रश्न विचारतो : ही माणसे आली कोठून?

हा प्रश्न गोमंतकीयाने तरी जपून विचारावा. शतकाहून अधिक काळ आपली माणसे पोटासाठी मुंबईस जात राहिली. बोटीवरच्या नोकरीची वाट पाहत धोबीतलावच्या परिसरात महिनोन् महिने काढणारा खलाशी फुटपाथवर झोपला नाही, याचे कारण त्याच्या गावाने तेथे ‘कूड’ उभारलेली होती. अल्प वर्गणीत ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि रात्रीपुरते अंथरूण, एवढीच ती सोय. पण तेवढ्यावर त्याला पत्ता मिळाला आणि पत्त्यामुळे नोकरी मिळाली. आज बांधकामावर, मासळीच्या धक्क्यावर वा उपाहारगृहांत राबण्यासाठी जो परप्रांतीय येथे येतो, त्याच्या गावाची कूड येथे नाही. आणि घरातून उठविले जाण्याची धास्ती आपल्याही पूर्वजांना परकी नव्हती. भाटकाराची मर्जी फिरली की मुंडकाराच्या खोपीचे काय होत असे, हे सांगणारी माणसे अद्याप हयात आहेत. त्या धास्तीला कायद्याचा अटकाव झाला तो 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्याने.

शासनाने काय करावयाचे हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले होते : मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे वर्षभर चालणारे एक निवारागृह. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच प्रमाण स्वीकारले. मात्र या मापात गोव्याची फसगत आहे. 2011 च्या जनगणनेत येथील एकाही नगरपालिकेची वस्ती एक लाख भरली नव्हती. राजधानी पणजी तर अवघी 40 हजारांची. नियम महानगरांकडे पाहून घडविलेला, त्यामुळे आमची शहरे त्याच्या चाळणीतून खाली गळतात. ते अभियानही सप्टेंबर 2024 अखेर संपुष्टात आले. यास्तव शासनाच्या जबाबदारीचा विसर पडू न देताही, नागरिकांनी आपल्यापुरते काय करावे याचा विचार टाळता येणार नाही.

नाणे किंवा शिळे अन्न देणे हा त्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग होय. त्याहून अनिष्ट मार्ग पोलिसांस दूरध्वनी करून ‘हे हटवा’ म्हणण्याचा. आपल्याकडे 1972 चा भिक्षाप्रतिबंधक कायदा आहे आणि अशा तक्रारींना त्याचा आधार मिळतो. मुंबईच्या तशाच कायद्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. निर्णय दिल्लीचा असला तरी निराधारपणा हा अपराध कसा, हा त्यातील प्रश्न दिल्लीपुरता नाही.

रस्त्यावरची सगळी माणसे एका जातीची नसतात, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. मजूर असेल तर त्याच्या मालकास विचारता येते. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने कामाच्या जागी विनामूल्य तात्पुरता निवास देणे त्याच्यावर बंधनकारक केले होते. आपल्या शेजारी इमारत उठत असताना तिचे कामगार झोपतात कोठे, हे पाहण्यास कोणत्याही अधिकाराची गरज नाही. मुलांनी टाकलेले वृद्ध असतील तर 2007 च्या कायद्यान्वये अशा त्यागास शिक्षा आहे आणि निर्वाहाचा दावा न्यायाधिकरणापुढे नेता येतो. परंतु थकलेल्या म्हाताऱ्याचा अर्ज लिहून त्याच्यासोबत कचेरीची पायरी चढणारा कोणी हवा. प्रोव्हेदोरियाच्या वृद्धाश्रमांच्या दारापर्यंतही ही माणसे आपण होऊन क्वचितच पोहोचतात.

सर्वांत अधिक उपेक्षा होते ती मनोरुग्णाची. केस पिंजारलेला, स्वतःशीच पुटपुटणारा मनुष्य दिसला की आपण रस्ता ओलांडतो. वास्तविक 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा रुग्णास संरक्षण देणे हे ठाणेदाराचे कर्तव्य ठरविले आहे. त्याला कोठडीत डांबता येत नाही. 24 तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे लागते आणि तो बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. बांबोळीची मनोरुग्ण संस्था हाकेच्या अंतरावर आहे. ठाण्यावर जाऊन या कलमाची विनम्र आठवण करून देणारा एक नागरिक दहा अन्नपाकिटांहून अधिक काम करतो. औषधोपचाराने माणूस सावरतो, त्याला गावाचे नाव आठवते आणि तो घरी पोहोचतो, हे कर्जतच्या डॉ. भरत वाटवानी यांच्या संस्थेने असंख्य वेळा दाखवून दिले. त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कार्यासाठी.

राहता राहिला जागेचा प्रश्न. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील साधारण पाचातले एक घर रिकामे आढळले. कुलपे लावून परदेशी गेलेल्यांची किंवा भावाभावांच्या दाव्यांत अडकलेली ही घरे बेघरांना द्या, असे आम्ही म्हणणार नाही. ते व्यवहार्य नाही आणि न्याय्यही नाही. पण देवस्थानांच्या अग्रशाळा, चर्चची सभागृहे, सुटीत ओस पडणाऱ्या संस्थांच्या खोल्या आहेत. वाटसरूची सोय पाहण्याची परंपरा येथे जुनी आहे. मडगावचे हॉस्पिसियो आणि म्हापशाचे आझिलो ही नावेच मुळी आसऱ्याची आहेत. महाजन आणि फाब्रिक यांनी पावसाच्या चार महिन्यांपुरत्या दहाबारा माणसांच्या रात्रीची जबाबदारी घेतली, तर ते अशक्य कोटीतले नाही. चोरीमारीची भीती रास्त आहे. तिच्यासाठी नावांची वही ठेवावी, पोलीस ठाण्यास कळवावे, स्त्रियांची सोय निराळी करावी. सामान ठेवण्यास कुलुपाची पेटी मात्र अवश्य द्यावी, कारण गाठोडे चोरीस जाईल या भयाने कित्येकजण निवाऱ्यातही येत नाहीत.

आणखी एक काम समोर आहे. पुढील जनगणनेची संदर्भवेळ 1 मार्च 2027 ची मध्यरात्र ठरलेली आहे. मागील खेपेस बेघरांची गणना 28 फेब्रुवारी 2011 च्या एकाच रात्री झाली होती. कोण कोठे झोपतो हे प्रगणकापेक्षा तेथला चहावाला आणि पहाटेचा वृत्तपत्रविक्रेता अधिक जाणतो. प्रत्येक प्रभागातील दोन माणसांनी ही माहिती आतापासून टिपून ठेवून पालिकेस दिली, तर निदान या वेळी मोजदाद खरी होईल. नालेसफाईच्या बैठका पालिका दरवर्षी मे महिन्यात घेतात. त्याच बैठकीत निवाऱ्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येईल, हे नगरसेवकांना मत देणाऱ्यांनी पाहावे.