टँकरचे पाणी आणि क्लोरीनची गोळी

२०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरू शहराला तीव्र पाणीटंचाईला सामोरे जावे लागले. शहरातील सुमारे १४ हजार सरकारी कूपनलिकांपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्याचे राज्य सरकारने तेव्हा सांगितले होते. टँकरचे दर प्रशासनाने निश्चित केले. परंतु पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न कायम राहिला. एप्रिलमध्ये शहरात कॉलराचे रुग्णही आढळले.

टाकीतील पाणी निर्जंतुक करण्यासाठी मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट हे संयुग असते. कार्बन व नायट्रोजन यांच्या प्रत्येकी तीन अणूंचे कडे आणि त्यातील दोन नायट्रोजन अणूंना जोडलेला क्लोरीन, अशी त्याची रचना आहे. पाण्यात विरघळल्यावर त्यातून जंतुनाशक हायपोक्लोरस आम्ल मुक्त होते. ते खर्च होईल तसतसा उरलेल्या साठ्यातून क्लोरीन पुरवला जातो. ब्लीचिंग पावडर उष्ण, दमट हवेत लवकर निकामी होते; ही गोळी मात्र बंद वेष्टनात दीर्घकाळ टिकते.

क्लोरीन निघून गेल्यावर मागे सायन्युरिक आम्ल उरते. पिण्याच्या पाण्यात गोळीच्या संयुगाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ५० मिलिग्रॅम ठेवली आहे. योग्य मात्रेत ती ओलांडली जात नाही. तरणतलावांत मात्र याच कुळातील ट्रायक्लोरो संयुग वारंवार टाकले जाते. सायन्युरिक आम्ल उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते, पण साचत गेल्यास त्याची जंतुनाशक क्रिया मंदावते. तलावातील काही पाणी बदलणे हाच त्यावरील व्यवहार्य उपाय. मार्च २०२४ मध्ये जलमंडळाने तरणतलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली, तेव्हा हा उपायही अवघड झाला.

गोळीने नायट्रेट किंवा फ्लोराइड दूर होत नाही आणि गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू होऊन दररोज ७७.५ कोटी लिटर वाढीव पाण्याची सोय झाली. तथापि, जेथे टँकरच आधार आहे तेथे ही तपासणी कोणी व केव्हा करावी, हे निश्चित होणे आवश्यक आहे. शुद्धतेची सारी जबाबदारी ग्राहकाच्या हातातील गोळीवर सोपवणे योग्य ठरणार नाही.