आमच्या नावावर कर्ज, त्यांच्या नावावर सूट

२०२५ सालचं बजेट शनिवारी आलं आणि सोमवारी आमच्या ऑफिसात पेढे आले. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स नाही. साहेब खूश, हेडक्लार्क खूश, मी पण खूश. खोटं कशाला बोलू, पेढा मी पण खाल्ला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "सुटलो बाबा! आपल्या टॅक्सवर किती वर्षं ह्या फुकट्यांना पोसायचं? स्कॉलरशिपा, घरकुलं, रेशन." म्हणाला आणि माझ्याकडं बघून हसला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हां. तुम्ही तर आपल्यातलेच."

आपल्यातलेच! वीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसतो. माझ्या डब्यातली भाजी त्यानं एकदाही घेतलेली नाही. टॅक्सपुरता मात्र मी त्याच्यातला.

त्या दिवशी पेढा घशात होता, बोललो नाही. आता बोलतो. त्याच्याशी नाही, तुमच्याशी. कारण दोस्तहो, हीच भाषा आता आपल्या शिकल्यासवरल्या पोरांच्या तोंडी यायला लागलीय. "आम्ही टॅक्स भरतो, बाकीचे खातात." तेव्हा आधी हिशेब करू, मग शिव्या देऊ.

टॅक्स कोण भरतं? जी बाई कंत्राटावर आमचं ऑफिस झाडते, तिच्या पगारातून इन्कम टॅक्स कापत नाहीत. कापायला पगार असावा लागतो. पण ती अंगाला साबण लावते. त्या साबणावर २०१७ च्या जुलैपासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत शंभराला अठरा रुपये कर होता. साहेबाच्या साबणालाही अठरा, तिच्या साबणालाही अठरा. ह्याला म्हणतात समता! संविधानातली समता आमच्या वस्तीत यायला अजून रस्ता सापडत नाही, कराची समता मात्र घरपोच येते.

त्याच बजेटात सरकारनं स्वतःच रुपया फोडून दाखवलाय. रुपयातले २४ पैसे कर्जाचे. २२ पैसे इन्कम टॅक्सचे. १७ पैसे कंपन्यांच्या कराचे. जीएसटी आणि इतर करांचे १८, एक्साइजचे ५. अठरा आणि पाच किती झाले? तेवीस. म्हणजे साबण, चप्पल, डिझेल असल्या वस्तूंवरनं येणारा पैसा इन्कम टॅक्सपेक्षा कमी नाही, पैसाभर जास्तच आहे. त्यात श्रीमंत भरत नाही असं नाही. पण त्याच्या कमाईत तो चिमूटभर, आणि जिची सगळी कमाई महिन्याच्या वाणसामानात जाते तिच्या कमाईत तो ओंजळभर. मग फुकटं कोण?

आता चपलेचं सांगतो. माझा आज्जा पाटलाच्या वाड्यावरनं जाताना चप्पल हातात घ्यायचा. पायात घातली तर पाठीवर बसायची. त्याच्या नातवंडांनी चपला घातल्या, त्या बाबासाहेबांमुळं. तर ह्या हजार रुपयांच्या आतल्या चपलेवर पाच टक्के जीएसटी होता. १ जानेवारी २०२२ पासून तो बारा टक्के केला. दोनशेच्या चपलेवर दहा रुपये कर होता, त्याचे चोवीस झाले. २२ सप्टेंबर २०२५ ला परत पाच केला, तेव्हा सणाची भेट म्हणून जाहिराती झळकल्या. आमच्याच खिशातनं पावणेचार वर्षं काढलेलं थांबवलं, त्याची भेट!

आता दुसरीकडं बघा. २० सप्टेंबर २०१९. अर्थमंत्र्यांनी एका दिवसात कंपन्यांवरचा कर तीस टक्क्यांवरनं बावीसवर आणला. नवा कारखाना काढणाऱ्याला तर पंधरा. सरकारनंच सांगितलं, ह्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल. कंपनीचा कर तीसचा बावीस, चपलेचा पाचाचा बारा. ह्यापुढं अर्थशास्त्राचं पुस्तक वाचायची गरज आहे का?

कशासाठी सोडला? कंपन्या पैसा गुंतवतील, कारखाने निघतील, पोरांना नोकऱ्या लागतील म्हणून. मधे कोरोना आला हे मान्य. पण कोरोना गेल्यावर? जानेवारी २०२५ च्या सरकारच्याच आर्थिक पाहणीत लिहिलंय, की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकरवर्ग वाढला दीड टक्क्यानं. नफा बावीस, माणसं दीड. पूर्वी कंपन्यांचा कर व्यक्तींच्या इन्कम टॅक्सच्या कितीतरी पुढं असायचा. २०२३-२४ मध्ये कंपन्यांचा निव्वळ कर ९ लाख ११ हजार कोटी आणि माणसांचा १० लाख ४४ हजार कोटी. म्हणजे पेढे वाटणाऱ्या माझ्या शेजाऱ्याच्या खिशातनंही कंपनीचीच भरपाई झाली. पण त्याला कंपनी दिसत नाही. त्याला दिसते आमची स्कॉलरशिप.

तर स्कॉलरशिपचंच काढू. २०१७-१८ ते २०१९-२० ह्या वर्षांत अनुसूचित जातींच्या पोरांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्राचा पैसा वर्षाला सरासरी ११०० कोटींच्या आसपास होता. बाकीचं राज्यांच्या गळ्यात. राज्यं हात वर करायची. त्याच काळात माझी भाची नर्सिंगला होती. कॉलेजनं तिचं हॉल तिकीट अडवलं, "तुमच्या सरकारचे पैसे आले नाहीत" म्हणून. तुमच्या सरकारचे! बहिणीनं कानातलं मोडून फी भरली तेव्हा पोर परीक्षेला बसली. ज्यांना मोडायला कानातलंही नव्हतं त्या पोरी बॅगा भरून घरी गेल्या. डिसेंबर २०२० मध्ये पाच वर्षांसाठी ५९ हजार कोटींची योजना मंजूर झाली, केंद्राचा वाटा साठ टक्के ठरला. झालं ते चांगलं झालं. ते पोरांच्या, संघटनांच्या बोंबा मारण्यानं झालं. पण गणित करा. कंपन्यांना एका दिवशी सोडलेली एका वर्षाची रक्कम ११०० नं भागा. १३१ येतात. एकशे एकतीस वर्षांची शिष्यवृत्ती एका सकाळी सोडली, आणि फुकटे कोण, तर आम्ही.

आता कर्जाकडं येतो. टीव्हीवाले अधूनमधून सांगतात, देशावर एवढं कर्ज, म्हणजे दरडोई एवढं. २०२५ च्या मार्चअखेर केंद्र सरकारचं कर्ज १८० लाख कोटींच्या वर होतं. लोकसंख्येनं भागलं की डोक्याला सव्वा लाखाच्या आसपास येतं. आज जन्मलेलं पोरही कर्जदार, म्हणतात.

आम्हाला हे नवं नाही बाबांनो. आमच्यात पोर कर्ज घेऊनच जन्मायचं. आज्जा पाटलाकडं सालगडी होता. पाडव्याला साल भरायचं, पाडव्याला साल धरायचं. मधे आजारपण, बाळंतपण, लग्न निघालं की उचल. उचल वहीत लिहायची. वही पाटलाची, लेखणी पाटलाची, अंगठा आज्ज्याचा. आज्जा मेला, वही राहिली. तेराव्या वर्षी बाप त्याच उचलीवर गुरांमागं लागला.

म्हणून आम्ही विचारतो, भागाकार कर्जाचाच का होतो? मालमत्तेचा का नाही? देशातल्या जमिनी, कारखाने, शेअर, माड्या ह्यांनाही एकदा १४० कोटींनी भागा आणि माझ्या वाट्याचं आणून द्या. मग माझ्या वाट्याचं कर्ज बिनबोभाट घेतो. ते जमत नाही. तिथं वारसा असतो. बापाची इस्टेट पोराला जाताना कर घेणारा कायदा ह्या देशात १९५३ साली झाला होता. तो १९८५ ला काढून टाकला. संपत्तीवरचा कर २०१५ ला काढला, वसुली थोडी नि खटाटोप फार म्हणून. त्याबदली कोटीच्या वर कमावणाऱ्यांवर दोन टक्के अधिभार लावला, हे खरं. पण अधिभार कमाईवर. साठवलेल्या ढिगाला हात नाही. म्हणजे त्यांच्या पोराला इस्टेट बिनकराची, आमच्या पोराला कर्ज वारसानं. देश बदलला, पाडवा तोच.

कर्ज काढणं पाप आहे असं आम्ही म्हणत नाही. धरण बांधा, दवाखाना बांधा, शाळा बांधा, त्यासाठी काढा. पण एका हातानं धनदांडग्याचा कर सोडायचा, दुसऱ्या हातानं खड्डा भरायला कर्ज काढायचं, आणि त्याचं व्याज साबणातनं वसूल करायचं, हा कुठला धंदा? २०२५-२६ च्या ५० लाख ६५ हजार कोटींच्या बजेटात नुसतं व्याज १२ लाख ७६ हजार कोटी. रुपयातले वीस पैसे. ते जातात ज्यांनी सरकारला उसने दिले त्यांना. त्यात बँका, विमा कंपन्या आल्या, माझ्या फंडाचे चार पैसेही आले. पण उसनं द्यायला ज्याच्याकडं काही उरतच नाही, त्यानं फक्त भरायचं.

हा डाव आपल्या बापानं ओळखला होता. १९१५ साली कोलंबियात त्यांनी एम. ए. चा प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि हिशेबावर. १८३३ च्या कायद्यानं कंपनीचा व्यापार बंद झाला, पण तिच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातनं चालू राहिला. १८५८ ला कंपनीचं राज्य गेलं. कर्ज मात्र हिंदुस्थानच्या बोकांडी बसलं, बंड मोडायला झालेला खर्चसुद्धा त्यात. तो लाभांश १८७४ पर्यंत चालला. भरला कुणी? मिठावर आणि जमिनीवर कर भरणाऱ्यानं. नफा कंपनीचा, कर्ज रयतेचं. तेव्हा एक कंपनी होती.

पुढं १९२७ ला मुंबईच्या कौन्सिलात बजेटवर बोलताना बाबासाहेबांनी हेच धरलं. इन्कम टॅक्सला एका रकमेखाली माफी आहे, पण एकरभर जमिनीच्या कुणब्याला शेतसारा माफ नाही, पीक येवो न येवो. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला वतनदार महारांची परिषद भरली, ती वतनी जमिनीवरची जुडी सरकारनं वाढवली म्हणून. आपल्या चळवळीत पाणी होतं, देऊळ होतं, तसा करही होता. आम्ही फोटो घेतला आणि हिशेबाची वही तिथंच ठेवून आलो.

म्हणून आमच्या नावावरचे पैसे कुठं जातात ते आम्हाला कळत नाही. १९७९-८० पासून योजनेतला पैसा आमच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा काढायचा ठरलं. २०११ च्या खानेसुमारीनं देशात आम्ही १६.६ टक्के. काढला का? दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल खेळांसाठी ह्याच पैशातले सहाशे कोटींच्या वर वळवले गेले. गृहमंत्र्यांनी राज्यसभेत ते चुकीचं झालं असं कबूल केलं. कबुली मिळाली. २०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर हा भेदच मोडला, म्हणजे टक्का कशाचा धरायचा तेच धूसर झालं.

आपल्या महाराष्ट्रात मे २०२५ ला सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी खात्याचे ३३५ कोटी लाडक्या बहिणीकडं वळवले. खुद्द खात्याच्या मंत्र्यानं तक्रार केली. बहिणींना पैसे द्यायला आमची ना नाही, त्यात आमच्याही बहिणी आहेत. पण भावानं ओवाळणी स्वतःच्या खिशातनं घालायची असते. इथं बहिणीच्याच पोराचं दप्तर विकून बहिणीला ओवाळणी! आणि विचारलं की सांगतात, राज्यावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज होणार, काटकसर करायला पाहिजे. काटकसर कायम गावकुसाबाहेरनंच सुरू होते.

म्हणून मागणी साधी आहे. आमच्या वाट्याचा पैसा वळवणं गुन्हा ठरवणारा कायदा पाहिजे. आंध्रात आणि कर्नाटकात २०१३ ला उपयोजनेचा कायदा झाला. पण नुसत्या कायद्यानंही भागत नाही. कर्नाटकात कायदा असून हजारो कोटी हमी योजनांत दाखवले गेले. कायद्यावर डोळा ठेवणारी माणसं पाहिजेत. आणि कर लावायचा तर आधी ढिगावर लावा, मग साबणावर.

कर लावून भलं होतं हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. आमच्या पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून महिन्याला दोनशे कापतात, फेब्रुवारीत तीनशे. शेजारी दरवर्षी कुरकुरतो. हा कर १९७५ ला लावला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातनं कापलं आणि माझ्या आईनं बंडिंगवर माती टाकून आम्हाला जगवलं. ती फुकट खात नव्हती. तिच्या घमेल्यातल्या मातीनं ज्यांच्या जमिनी बांधल्या गेल्या त्यात तिचा एक गुंठाही नव्हता.

आणि बापाचं सांगायचं राहिलं. बाहत्तरच्या दुष्काळात सरकारी कामं निघाली, पोटाला दुसरीकडं मिळायला लागलं. तेव्हा रात्रशाळेत चार अक्षरं शिकलेला माझा बाप पुढच्या पाडव्याला पाटलासमोर उभा राहिला. साल धरलं नाही. म्हणाला, "मालक, वही दाखवा." पाटील म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" बाप म्हणाला, "कळंल न कळंल, दाखवा तर." पाटलानं वही दाखवली नाही. पण कर्जही परत मागितलं नाही.

तर पुढच्या १ फेब्रुवारीला कुणी पेढा दिला तर खा. पण त्या संध्याकाळी वस्तीतल्या विहारात चार जण जमा. एक जण कॉमर्सवाला असू द्या. बजेटात अनुसूचित जातींच्या तरतुदीचं वेगळं विवरण असतं, ते काढा, मोठ्यानं वाचा. आपल्या जिल्ह्यात किती आले, किती वळवले ते माहितीच्या अधिकारात लिहून मागा. नाही म्हणतील. परत मागा.

वही दाखवा म्हणावं.

जयभीम.