दोन टक्के नको, हक्काचा कागद पाहिजे



मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांच्या अहवालात दोन गोष्टी जोडीनं येतात: दीर्घकालीन वाढ आणि सामाजिक जबाबदारी. वाढ कोणाची आणि जबाबदारी कोणाची, हे सिंगूरनं दाखवून दिलं आहे.

पश्चिम बंगालात सिंगूरला २००६ साली सरकारनं टाटा मोटर्सच्या नॅनो गाडीसाठी ९९७ एकर जमीन घेतली. कायदा इंग्रजांचा, १८९४ चा. शेतकरी, बटाईदार, मजूर आडवे झाले. २००८ मध्ये कंपनी उठून गुजरातेत साणंदला गेली. ३१ ऑगस्ट २०१६ ला सुप्रीम कोर्टानं ते संपादनच रद्द केलं, जमीन परत द्यायला लावली. जमीन परत आली ती कोणाच्या सामाजिक जबाबदारीनं नाही, लोक हटले नाहीत म्हणून आली. तोवर दहा वर्षं गेली होती आणि शेतात काँक्रीट होतं.

कंपनीचं काय झालं? २०२३ मध्ये लवादानं तिला राज्याच्या औद्योगिक महामंडळाकडून ७६५ कोटी ७८ लाख रुपये आणि वर व्याज मंजूर केलं. कारण कंपनीजवळ करार होता. कागद होता!

आता जबाबदारीचा हिशेब. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: मोठ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकामावर खर्चायचे. शंभरातले दोन रुपये. तेही कोणत्या गावाला आणि कशाला, हे कंपनीचे संचालक ठरवणार. बोदवडच्या बाजारात कोणी विचारलं, "ते दोन रुपये तरी आमच्या हक्काचे हायेत का?" तर उत्तर एकच: नाही. देणाऱ्याची मर्जी.

त्यात २०२३ पासून ग्रीन क्रेडिट आलं. कंपनीनं पैसे भरायचे, वनखात्यानं पडीक वनजमिनीवर झाडं लावायची, क्रेडिट कंपनीच्या नावावर. दिल्लीच्या कागदावर जी पडीक, तिथं आपली ज्वारी-तूर उभी असली तर? ढोरं चरत असली तर?

दप्तरं देतात, घ्या. पाण्याची टाकी देतात, घ्या. पण जमिनीच्या बदल्यात काहीच घेऊ नका. वनहक्क कायदा २००६ आपला कागद आहे:

१. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटवता येत नाही.
२. दावा नामंजूर केला तर लेखी कारण मागा, ६० दिवसांत अपील करा.
३. सामूहिक वनहक्काचा दावा टाका. जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेचा आहे.
४. झाडं लावायचा ठराव आला तर गट नंबर मोठ्यानं वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही.

कंपनी कागदावर जगते. आपणही आपला कागद मिळवल्याशिवाय बसायचं नाही.

जंगल-जमिनीचा लढा जिंदाबाद!