विश्लेषण : गेम घडवणाऱ्यांची आवडच त्यांच्यावर का उलटते?

व्हिडीओ गेम उद्योगासाठी मनुष्यबळ घडवण्याच्या मोठ्या घोषणा केंद्र आणि राज्य सरकारने केल्या आहेत. मात्र अतिकाम, ताण आणि कर्मचारीकपातीमुळे या क्षेत्रातील अनेकांचा उत्साह काही वर्षांतच ओसरतो. मीरा-भाईंदरसारख्या शहरातून या करिअरकडे वळणाऱ्या तरुणांसाठी त्याचा अर्थ काय, याविषयी…

हा विषय आताच का?

२०२६-२७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५ हजार माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत अ‍ॅनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स यांच्या प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. २०३०पर्यंत या क्षेत्राला २० लाख मनुष्यबळ लागेल, असा सरकारचा अंदाज आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५मध्ये याच क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या धोरणाला मंजुरी दिली. ५० हजार कोटींची गुंतवणूक आणि दोन लाख रोजगार हे त्याचे उद्दिष्ट आहे.

दुसऱ्या बाजूला, २०२४च्या पहिल्या दोन महिन्यांतच मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातील १,९०० आणि सोनीने प्लेस्टेशन विभागातील सुमारे ९०० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर देशात कायद्याने बंदी आली आणि त्या कंपन्यांतील नोकऱ्याही गेल्या.

‘क्रंच’ म्हणजे काय?

गेम बाजारात आणण्याची तारीख जवळ आली की आठवडेच्या आठवडे, कधी महिनोनमहिने, रोज १२-१४ तास आणि सुट्टीच्या दिवशीही काम करावे लागते. त्याला उद्योगात ‘क्रंच’ म्हणतात. गेम खेळायला मजेदार आहे की नाही, हे तो बराचसा तयार झाल्यावरच कळते. मग आधीचे काम मोडून पुन्हा करावे लागते. तारीख मात्र नाताळची विक्री आणि जाहिरातींचा खर्च पाहून आधीच ठरलेली असते. म्हणजे काम वाढते, मुदत वाढत नाही. हा फरक कर्मचाऱ्यांच्या झोपेतून भरून काढला जातो.

हा प्रश्न नवा नाही. २००४मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधील एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने निनावी पत्रातून या कामाच्या तासांना वाचा फोडली. पुढे कंपनीने चित्रकार आणि प्रोग्रामर यांच्या दोन दाव्यांत मिळून सुमारे तीन कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तरीही २०२०मध्ये ‘सायबरपंक २०७७’ पूर्ण करताना पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने सहा दिवसांचा आठवडा लागू केला. सक्तीचे अतिकाम टाळण्याचे आश्वासन याच कंपनीने आधी दिले होते.

आवड का मावळते?

या क्षेत्रात येणारा बहुतेक जण लहानपणापासून गेम खेळलेला असतो. आवडीचे काम मिळाले म्हणून तो कमी पगार आणि जास्त तास मान्य करतो. तो थकला तर त्याच आवडीने रांगेत उभे असलेले दुसरे असतात, हे व्यवस्थापनालाही ठाऊक असते. आवड ही अशा रीतीने कर्मचाऱ्याने स्वतःच दिलेली सवलत ठरते.

शिवाय गेम खेळणे आणि घडवणे यांत मोठे अंतर आहे. चाचणी करणाऱ्याला एकच टप्पा दोष सापडेपर्यंत शेकडो वेळा खेळावा लागतो. भारतात होणाऱ्या कामाचा मोठा भाग परदेशी स्टुडिओंसाठी असतो. त्यात एखाद्याच्या वाट्याला वर्षभर फक्त झाडे, वाहने किंवा शस्त्रे येतात. कथा, खेळाची रचना आणि मुदत यांचे निर्णय बहुधा दुसऱ्या देशात होतात. कॅलिफोर्नियाची सकाळ म्हणजे आपली रात्र. त्यामुळे बैठकाही रात्री होतात.

महाराष्ट्रातील अनुभव काय?

युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा गाजलेला गेम नव्याने घडवण्याची जबाबदारी होती. सप्टेंबर २०२०मध्ये त्याची घोषणा झाली, पण पहिल्याच झलकीवर टीका झाली. मे २०२२मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेले आणि जानेवारी २०२६मध्ये कंपनीने हा गेमच रद्द केला. वर्षानुवर्षांचे काम खेळाडूंपर्यंत पोहोचलेच नाही, तर निर्मात्याकडे दाखवण्यासारखे काहीच उरत नाही.

स्वतंत्र निर्मितीही सोपी नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२०मध्ये आला आणि त्याचे जगभर कौतुक झाले. त्याआधी २०१७मध्ये त्यांची लोकवर्गणीची मोहीम अपेक्षित रक्कम गाठू शकली नव्हती.

मीरा-भाईंदरचा संबंध काय?

२०११च्या जनगणनेनुसार आठ लाखांवर लोकसंख्या असलेले हे शहर मुंबईत घर न परवडणाऱ्या कुटुंबांमुळे झपाट्याने वाढले. येथील तरुणाला अशा नोकरीसाठी अंधेरी, गोरेगाव, मालाडकडे किंवा थेट पुण्याला जावे लागते. सर्जनशील तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेचे कायमस्वरूपी संकुलही गोरेगावच्या चित्रनगरीत प्रस्तावित आहे.

घरापासून कार्यालयापर्यंत जाता-येता तीन तास धरले, तर नऊ तासांच्या नोकरीचा दिवस १२ तासांचा होतो. क्रंचमध्ये १२ तास काम झाले तर तोच १५ तासांचा. उरलेल्या नऊ तासांत झोप, जेवण आणि कुटुंब. शेवटची लोकल चुकली तर तेवढेही नाहीत. खासगी अभ्यासक्रमाचे शुल्क आणि घराचा हप्ता डोक्यावर असेल, तर नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्यही नसते.

आरोग्यावर परिणाम किती?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो. कामाच्या दीर्घकालीन ताणातून येणारी पूर्ण थकावट, म्हणजे ‘बर्नआऊट’, ही व्यवसायाशी निगडित स्थिती असल्याचे आरोग्य संघटनेने २०१९मध्येच नमूद केले. म्हणजेच आवड मावळणे हा केवळ स्वभावाचा दोष नव्हे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामासाठी दुप्पट वेतनाची तरतूद आहे. २०२५च्या बदलानुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत रोजची मर्यादा नऊवरून दहा तास, तर तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५वरून १४४ तास झाली. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदांना मात्र या तरतुदी लागू होत नाहीत. त्यामुळे तरुण कर्मचाऱ्याच्या पदाला ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ म्हटले की संरक्षणाबद्दल वाद उभा राहू शकतो. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासदार सुप्रिया सुळे यांचे खासगी विधेयक डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा लोकसभेत मांडले गेले. पण खासगी विधेयके क्वचितच कायदा होतात.

उपाय काय?

अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या झेनिमॅक्समधील चाचणी कर्मचाऱ्यांनी संघटना करून २०२५मध्ये कंपनीशी करार केला. आपल्याकडे सरकारी अनुदान घेणाऱ्या स्टुडिओंना कामाच्या तासांची नोंद, जादा कामाचा मोबदला आणि श्रेयनामावलीत नाव या अटी घालता येतील. किती रोजगार निर्माण झाले, यासोबत किती जण पाच वर्षांनंतरही या क्षेत्रात टिकले, हेही मोजायला हवे. तोवर मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाने पगाराबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत : मागच्या गेमच्या शेवटच्या महिन्यात किती तास काम झाले, त्याचे पैसे मिळाले का आणि गेम संपल्यावर नोकरी राहते का? उत्तर देताना कंपनी अडखळली, तर तेही एक उत्तरच आहे.