भुताहून भयंकर थकबाकी

भयपट म्हटला की आपल्यातला सुशिक्षित वर्ग नाक मुरडतो. पडका वाडा, करकरणारे दार आणि एक किंकाळी, यापलीकडे त्यात असणार तरी काय? या मंडळींनी निक्यातू जूसू या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेचा 'नॅनी' अवश्य पाहावा. हा तिचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. २०२२ साली सनडान्स महोत्सवात अमेरिकी कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक त्याने पटकावले.

आएशा ही सेनेगलमधली शिक्षिका. न्यूयॉर्कला येऊन ती एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबातली मुलगी सांभाळते. स्वतःचा मुलगा लमीन मात्र मायदेशी; त्याला आणण्यासाठी पै पै साठवणे चालू. मालकीण बोलायला गोड. आपला झगा घालायला देते, रात्री राहशील ना म्हणून आर्जव करते. फक्त जादा तासांचे पैसे द्यायचे तेवढे तिचे राहून जाते! आएशाकडे कागदपत्रे नाहीत, मग दाद कोणाकडे मागणार?

वाणिज्य शाखेत आम्ही 'अदत्त वेतन' ताळेबंदात एका ओळीत मांडतो आणि पुढे सरकतो. ज्याचे ते वेतन, त्याच्या घरी त्या ओळीचे काय होते हे पुस्तकात नसते. आएशाच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की लमीनचे येणे आणखी लांबले. चित्रपटात पाणी झिरपते, कोळी दिसतात. पण मला धडकी भरली ती पैशांचा विषय पुन्हा टाळला जातो तेव्हा.

भीती पुरेशी नाही, अशी तक्रार काही समीक्षकांनी केली. ती मला पटत नाही. मामी वाटा ही जलदेवता आणि अनान्सी हा बलवानांना युक्तीने चकवणारा कोळी, ही पश्चिम आफ्रिकेच्या लोककथांतली पात्रे आएशाच्या वाईटावर नाहीत. तिला काही सांगू पाहतात. वैरी म्हणावे तर ते मालकांचे सौजन्य. हीच कथा साध्या कौटुंबिक चित्रपटात आली असती, तर आपण हळहळून मोकळे झालो असतो. इथे आएशाची झोप उडते तशी आपलीही उडते.

जूसूच्या आईने घरकामे केली होती, त्यामुळे बारकावे ऐकीव वाटत नाहीत. तिच्या २०१९ च्या लघुपटातली रक्तपिपासू परिचारिका कृष्णवर्णीय आहे, आणि कातडीच्या रंगामुळेच ती उन्हात वावरू शकते. कल्पना किती साधी, आणि किती खोचक!

'नॅनी'चा शेवट मात्र घाईने उरकला आहे. आएशावर कोसळलेल्या दुःखाशी आपण थांबतो न थांबतो, तोच दिग्दर्शिका दिलासा देऊ पाहते. तो दिलासा मला नको होता.