लिंक थोड्याच, पण कामाच्या

शिक्षक मित्रांनो, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कितीतरी लिंक येतात आणि आपण न उघडताच पुढे ढकलतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच घरांत एकच मोबाईल. बाबा कामावरून आले की तो मुलाच्या हाती पडतो. त्या अर्ध्या तासात लिंक उघडलीच नाही, तर अभ्यास राहिलाच ना! म्हणून इयत्ता, विषय, पाठ अशी यादी करावी. पुस्तकांसाठी बालभारती, पाठाच्या व्हिडिओसाठी दीक्षा, मुलांच्या वाचनाला 'किशोर'चे जुने अंक, आपल्या संदर्भाला मराठी विश्वकोश. एवढ्यावरही बरंच भागतं. प्रत्येक लिंकपुढे काय आहे, कोणासाठी आहे, ते एका ओळीत लिहा. महिन्यातून एकदा सगळ्या उघडून पाहा, बंद पडलेल्या काढून टाका. पालकांनो, न उघडणारी लिंक आम्हाला जरूर कळवा.